हरभऱ्याच्या वावरातली धावपट्टी

७ फेब्रुवारी. अमडापूर.
पोहोचलो. तीन आठवडे रजा. उद्देश आजच लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून स्वतःला पळवाट काढता येणार नाही.

अठरा वर्षं विमान चालवतोय. गेली काही वर्षं त्यात मन नाही. चाकं आत घेतली की ऑटोपायलट लावायचा आणि तो काय करतो ते बघत बसायचं. परवा मंजुश्रीला म्हणालो, मी वॉचमन झालोय. बायको म्हणून धीर देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मग निदान झोपू नकोस.

कंपनीने ट्रेनिंग विभागात खुर्ची देऊ केली आहे. घेतली तर उडणं कायमचं बंद. उत्तर २५ तारखेपर्यंत. दिल्लीचा एक सहकारी म्हणाला, घाई करू नकोस, त्याआधी रिमोटचं एक छोटं विमान घे, गावाकडे जा आणि उडव. त्याला उडण्यातली मजा म्हणे अशीच परत मिळाली. मीही घेतलंय. पिशवीत आहे.

नियम: या रजेत एकदा जरी मजा आली, तर खुर्चीला नकार. नाहीच आली, तर होकार. स्वतःशी लबाडी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
शेजारचे जानरावकाका भेटायला आले. दर वेळचा प्रश्न. कॅप्टन साहेब, आपलं अमडापूर दिसते का हो वरतून? मी दर वेळसारखं म्हणालो, दिसतं ना. खरं म्हणजे मी कधी बघितलेलंच नाही. निश्चय: यापुढे या बाबतीत खोटं बोलायचं नाही.

८ फेब्रुवारी.
खोकं उघडलं. पांढरं थर्माकोलचं विमान, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. म्हणजे परवानगी लागत नाही. तरी नियमावली पूर्ण वाचली. दोनदा.
सोबत एक कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय: बॅटरी लावा, हातातून सोडा, आनंद घ्या. हे मार्गदर्शन अपुरं आहे. उड्डाणपूर्व तपासणी नाही, वाऱ्याची मर्यादा नाही, इंजिन बंद पडलं तर काय करायचं ते नाही. उद्या मी स्वतः पुस्तिका लिहितो. एका दिवसाचं काम.

आईने विमान उचलून बघितलं. म्हणाली, एवढंसंच? एवढ्या मोठ्या माणसानं एवढंसं आणलं? मी म्हणालो, तत्त्व तेच असतं. ती म्हणाली, हो, पण कुठं ठेवू हे? उंदरं खातीन.

११ फेब्रुवारी.
पुस्तिका अजून चालू. चौदा पानं झाली. आई अंगणात हरभरा निवडत बसते, तिला एकेक प्रकरण वाचून दाखवतो. मोठ्याने वाचलं की चुका सापडतात. आज 'डाव्या दांड्याने वेग, उजव्या दांड्याने दिशा' हे वाचलं. ती म्हणाली, एवढंच आहे तं चौदा पानं काऊन लिहून राह्यला? मी तिला जोखीम म्हणजे काय ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि निवडलेलं सूप बाजूला ठेवलं.

स्वतःला प्रश्न: मी उडवायला घाबरतोय का? शांतपणे तपासलं. नाही. ही तयारी आहे.

१३ फेब्रुवारी, सकाळ.
पुस्तिका पूर्ण. मन हलकं झालं. आज उडवणारच होतो, पण वारा मोजायला साधन नाही. आईच्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी बांबूला बांधली आणि बांबू जानरावकाकांच्या वावरात रोवला. त्यांचा हरभरा सोंगून झालाय, वावर मोकळं आहे. रस्त्याकडेला, सपाट. गावात याहून चांगली जागा नाही.

पट्टी ताठ आडवी झाली. वारा जास्त. रद्द.

१४ फेब्रुवारी.
पट्टी थोडी कमी ताठ. रद्दच. घाई नको.

१५ फेब्रुवारी.
आज मोठी प्रगती. फीत घेऊन वावराची लांबी-रुंदी मोजली. धसकटं काढली. चुन्याची फक्की टाकून धावपट्टी आखली, दोन्ही टोकांना आकडे काढले. विमान हातातून सोडायचं असल्यामुळे धावपट्टीची तशी गरज नाही, हे मान्य. पण शिस्त ही शिस्त.

दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर लेखी परवानगी हवी. कागद तयार करून जानरावकाकांकडे गेलो. ते म्हणाले, उडव ना भाऊ, कागद कायले पायजे? मी म्हणालो, उद्या काही झालं तर तुमच्या बाजूनेही सोपं पडेल. त्यांचा चेहरा एकदम बदलला. कागद उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, पोराले दाखवतो, मंग सही करतो. ठीक आहे. माणसाने वाचूनच सही करावी.

१६ फेब्रुवारी.
सही नाही. उड्डाण नाही. मंजुश्रीचा फोन. मजा आली का? म्हणालो, पायाभूत काम झालं. ती माझं नाव घेऊन म्हणाली, संघर्ष, ते खेळणं आहे.

१८ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा.
वावरात गेलो. पट्टी लोंबकळत होती! वारा शून्य. आणि धावपट्टीवर आंब्याची कलमं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीने. प्रत्येकाला काठीचा आधार, प्रत्येकाच्या बुडाशी पाणी. परवा तिथे काही नव्हतं.

जानरावकाका बांधावर उभे होते. विचारलं, काका, हे काय? ते डोळा घालून म्हणाले, बाग आहे साहेब. फळबाग. जुनीच आहे. मी म्हणालो, परवा तर हरभऱ्याची धसकटं होती. ते म्हणाले, तुमीबी का साहेब, तुमचं काम करा ना, आमाले आमचं करू द्या.

काही कळेना. घरी आलो तर आई म्हणाली, अरे, गावभर झालं ना. अमडापूरले इमानतळ होऊन राह्यलं म्हणते. तू मोजणी केली, झेंडा गाडला, चुना टाकला, सही मागाले गेला. रस्त्यात जमीन गेली तेव्हा मोकळ्या वावरापेक्षा झाडाच्या वावराले सरकारकडून जास्त पैसे भेटले होते. मंग जानराव काय मोकळं ठेवन का?

मी डोकं धरून बसलो. ती म्हणाली, आपलंबी दोन एकर आहे रस्त्याकडं. काही लावू का?

१९ फेब्रुवारी.
घरोघर जाऊन खुलासा केला. विमानतळ येत नाही. मी छंदासाठी मोजत होतो. सगळे समंजसपणे मान हलवतात. हाव साहेब, तुमाले बोलता येत नसन, समजते आमाले. एकाने तर दार लावून घेऊन, हळू आवाजात विचारलं: धावपट्टी पूर्व-पश्चिम का दक्षिण-उत्तर, एवढंच सांगा.

मी जितकं नाही म्हणतो तितकं लोकांना ते पक्कं वाटतं. दुपारी देवळाच्या बाजूला बोअरचं यंत्र आलं. बोअर असलेल्या जमिनीलाही जास्त भेटतं म्हणे.

२१ फेब्रुवारी.
चौकात फ्लेक्स लागलाय. माझा फोटो, मागे लढाऊ विमान. 'अमडापूरला आकाशाशी जोडणारे भूमिपुत्र'. मी लढाऊ विमान कधी चालवलेलं नाही. सरपंच धम्मशीलाताईंकडे गेलो, तो काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, जय भीम दादा, बसा, चहा घ्या. मंगळवारी पंचायतीत सभा ठेवली आहे, तुम्हीच येऊन सगळ्यांसमोर बोला. मनात म्हटलं, चांगलं आहे. एकदाच स्पष्ट सांगून टाकू.

उत्तर द्यायला चार दिवस. विमान अजून जमिनीवर. दुसरं वावर शोधणं आता शक्य नाही. जिथे जाऊन उभा राहतो तिथे दुसऱ्या दिवशी कलमं दिसतात. काल सहज एका बांधावर लघवीला थांबलो होतो. तिथे आज डाळिंब आहे.

२३ फेब्रुवारी.
दोन उत्तरं लिहून ठेवली. होकाराचं आणि नकाराचं. होकाराचं जास्त चांगलं झालंय. पुन्हा वाचलं. त्यात 'आनंदाने' हा शब्द आहे. खोडला.

अंगणातून उडवता येईल का याचा विचार केला. लिंबाचं झाड, विजेची तार, शेजाऱ्याची गाय. पुस्तिकेच्या नवव्या पानानुसार नाही.

२४ फेब्रुवारी, रात्री.
सगळं क्रमाने लिहितो.

पाचला पंचायतीत सभा. अंगणात माणूस मावेना. मी उभा राहिलो आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं की अमडापूरला विमानतळ येत नाही, कोणताही सर्व्हे नाही, कोणतंही विमान येणार नाही. एवढं बोलून होतंय तोच सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून वर बघितलं.

माझं विमान होतं. पांढरं. उन्हात चकाकत पंचायतीच्या पत्र्यावरून आलं, डावीकडे कललं, पिंपळाला वळसा घातला आणि परत गेलं. कोणीतरी ओरडलं, आलं रे सर्व्हेचं! जानरावकाकांनी टोपी काढून हलवली.

मी पहिल्यांदा वारा बघायला पट्टी शोधली. इथे पट्टी नव्हती. मग पळालो. आयुष्यात एखाद्या विमानामागे असा पळालो नव्हतो. मागे अख्खं गाव. विमान वर, आम्ही खाली. बोळातून, उकिरड्यावरून. एक चप्पल गेली. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. 'डावीकडे, डावीकडे' असावं.

अंगणात आई. पदर कमरेला खोचलेला, हातात रिमोट, मान वर. तोंड भरून हसत होती. मी म्हणालो, आई, ठेव ते, ठेव! ती म्हणाली, सरक, समोर येऊ नको. विमान लिंबावरून आलं, तारेखालून गेलं, तारेखालून, आणि कुटाराच्या, भुशाच्या, ढिगात मऊ जाऊन बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाय बघत होती.

मी विचारलं, तुला कोणी शिकवलं? म्हणाली, काऊन, तूच तं चार-पाच दिवस वाचून दाखवत होता. डाव्यानं वेग, उजव्यानं दिशा. बाकीचं पुस्तक मी ऐकलंच नाही.

उड्डाणपूर्व तपासणी केली होती का, असं विचारल्यावर ती आत जाऊन चहा ठेवायला लागली.

तीच रात्र, उशिरा.
तपासणी. आज मजा आली का? छाती धडधडत होती. ते पळण्यामुळे असू शकतं. पण विमानाने पिंपळाला वळसा घातला तेव्हा मी पळत नव्हतो. उभा होतो. आणि तोंड उघडं होतं. त्या क्षणी कलमं, खुर्ची, काहीच डोक्यात नव्हतं.

पुस्तिका माझी, वाचन माझं. म्हणजे हे माझ्या देखरेखीखालचं प्रशिक्षण उड्डाण. नियमाप्रमाणे मजा माझ्या खात्यात.

नकाराचं उत्तर पाठवलं. आता पाठवलं, म्हणजे सकाळी मत बदलायला नको.

२५ फेब्रुवारी.
मंजुश्रीला सगळं सांगितलं. ती हसत होती, मग थांबली. म्हणाली, म्हणजे मजा आईंना आली आणि उडणं तू चालू ठेवलंस? मी म्हणालो, हे फार सोपं करून सांगणं झालं.

२७ फेब्रुवारी. निघण्यापूर्वी.
अखेर आज स्वतः उडवायचं ठरवलं. पुस्तिका न बघता. विमान मागितलं तर आई म्हणाली, आता निघायच्या घाईत कायले? राहू दे इथंच. तुले तिकडं मोठं आहेच ना.

बरोबर आहे. मला मोठं आहे.

निश्चय: पहिल्याच फ्लाइटला दहा हजार फुटांपर्यंत विमान हाताने चालवायचं. ऑटोपायलटला हात लावायचा नाही. आणि आपला जिल्हा खाली आला की खिडकीतून बघायचं.

४ मार्च. मुंबई, हॉटेल.
आज नागपूरहून मुंबई. रजेनंतरची पहिली फ्लाइट. आकाश स्वच्छ.

ऑटोपायलट नेहमीच्याच वेळी लावला. वारा आडवा होता. मर्यादेत होता, पण आडवा होता. पुढच्या वेळी नक्की.

जिल्हा येईपर्यंत कॉफी आली. ती सांडू नये म्हणून कपाकडे बघत होतो. कप खाली ठेवला तेव्हा को-पायलट म्हणाली, सर, औरंगाबादच्या पुढे आलो.

संध्याकाळी आईचा फोन. आज दोन चकरा मारल्या म्हणे, तिसऱ्यांदा बल्लाळदेवीच्या टेकडीकडून आणलं. मी विचारलं, वारा किती होता? ती म्हणाली, वारा? वारा तं असतेच ना रे. तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखतो. माझ्या आवाजात ते पहिल्या वर्षी होतं.

मग जानरावकाकांनी फोन घेतला. कॅप्टन साहेब, आज वरतून गेले म्हणे तुमी. आमचा आंबा दिसला का हो?

सांगणार होतो. काका, मी बघितलंच नाही. विमानतळ येत नाही. कलमं काढा, सोयाबीन पेरा. तोंडाशी आलं होतं. तिकडे ते श्वास धरून थांबले होते.

म्हणालो, दिसला. छान ओळीत आहे.
जरा सुकल्यासारखा वाटला, असंही म्हणालो. पाणी वाढवा.