वरच्या खिडकीतली बाई

५ जानेवारी
पोचलो एकदाचे, आई आणि मी! संग्रहालयाच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीतून नदी दिसते. थंडीत पार वाळलेली. आई म्हणाली, हिला नदी म्हणायचं तर मलाही पैलवान म्हणा. मला शहराचे जुने फोटो साफ करून त्यांची माहिती लिहायची आहे. असंच काम हवं होतं मला.

७ जानेवारी
आज जुन्या महापुराचे फोटो साफ करायला बाहेर काढले. कुणीतरी आमच्या मागच्या गल्लीचे एका दिवसात चार फोटो घेतलेत. पहिल्यात पाणी उंबऱ्याशी, दुसऱ्यात खालच्या खिडक्यांशी, तिसऱ्यात वरच्या. चौथ्यात नुसती छपरं. कोपऱ्यावरचं घड्याळजीचं दुमजली घर अजून उभं आहे, कुलूपबंद. फोटो घेणाऱ्याबद्दल आई म्हणाली, घर जळतंय आणि हा मेला विडी पेटवतोय! खूप हसलो.

१० जानेवारी
आई दुपारभर पहिला फोटो घेऊन बसते. त्यात घड्याळजीच्या घराच्या वरच्या खिडकीत एक बाई उभी आहे, ती आपल्याला बोलावते, म्हणते. मी म्हटलं, अगं, ती जाऊन जमाना झाला. आईनं फोटो आणखी जवळ घेतला. तिच्या हातांना चिखलाचा वास येत होता.
संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी फोटो कपाटात टाकले. माझ्या आधी या कामावर असलेली बाई वडिलांना घेऊन आली होती आणि एकटीच परत गेली, एवढंच बोलले.

१२ जानेवारी
आई नाही. दार आतून बंद, चपला जागेवर, भाजी अर्धी चिरलेली. पोलिसांनी नदीकाठ पालथा घातला. घोटाभर पाण्यात कोण बुडणार, म्हणाले.
मी कपाट उघडलं. पहिल्या फोटोत, वरच्या खिडकीत आता आई आहे. चष्मा कपाळावर.

१३ जानेवारी
पहिल्यातली खिडकी रिकामी. आई दुसऱ्यात. पाणी तिच्या खाली हातभर.
चौथ्यात माणूसच नाही.

१४ जानेवारी
चौथा जाळून टाकला. वाटलं, तोच नसला तर पाणी चढेल कुठवर?
आई तिसऱ्यात. छातीपर्यंत पाणी. हात वर —

१५ जानेवारी
कुलूपवाल्याला आणून घड्याळजीचं घर उघडलं. आत ठणठणीत कोरडं. वर कुणीतरी खोकतंय म्हणाला आणि अवजारं टाकून पळाला. खोकला आईचाच. वर कुणी नाही. हाक मारली. ओ आली — पायांखालून.
जाणार नाही मी इथून.

दुपार
बाहेर लख्ख ऊन. गल्लीत पाणी. गढूळ, मुकाट. जिना बुडाला. आईचा हात सापडला, गार — का आलीस गं, म्हणाली.

पाणी गळ्याशी. वही डोक्यावर धरून — आई म्हणते, माझ्या खांद्यांवर उभी राहा. नको म्हटलं. ती ओरडली, जन्मात एकदा तरी ऐक माझं.

उभी आहे. खांदे थरथरताहेत. आई, बोल ना काही — आई —
पायांखाली आता खांदे ना