नलूच्या फ्रॉकातला जांभळा तुकडा

१२ एप्रिल १९७१, काष्टी
नलूचा फ्रॉक झाला एकदाचा. दीड महिना. सगळी हातशिलाई, मशिनचा एक टाका नाही. मशिन दुकानात, दुकान ह्यांचं, मला तिथं काज-बटणापुरती जागा. पण कापड बेतून झालं की खाली पडते ती कातरण माझी. बोटाएवढे, तळहाताएवढे तुकडे. हे केरात लोटतात, मी उचलते. या फ्रॉकात छिटाचे अकरा, पॉपलिनचे चार, आणि मधोमध छातीवर जांभळ्या खणाचा एक तिकोनी.
नलू सहा वर्षांची. आरशापुढून हलेना. उद्या वाण्याकडच्या लग्नात घालणार.
हे म्हणाले, "बरं दिसतंय." ह्यांच्या तोंडून एवढंही फार.

१३ एप्रिल
लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.
मांडवात नलू पोरींबरोबर खेळत होती. वरच्या आळीच्या पाटलीणबाईंनी तिचा दंड धरला, फ्रॉक पुढून ओढला. "ह्यो माजा खण हाय! शिंप्यानं मला कापड पुरंना म्हनून सांगितलं, आन् पोरीच्या अंगावर चढवलं व्हय!"
बायका गोळा. मग एकेकीला आपापलं दिसायला लागलं. ही माझी चोळी, ही माझ्या पोराची चड्डी. कुणीतरी सोनार-शिंप्याची संगत नको ही म्हण म्हणून दाखवली. सगळ्या हसल्या.
मी म्हटलं, "काखेखालचा तुकडा आहे बाई. केरात जाणारा. ह्यात तुमचं पोलकं झालं असतं का?"
"केरात गेला आस्ता तरी माजाच हुता. काडून दे."
तेवढ्यात हे आले. वाटलं, आता बोलतील. वीस वर्षं या गावाचे कपडे शिवतायत, एक वीत कापड इकडचं तिकडं केलं नाही. बोलले नाहीत. मांडवातल्या न्हाव्याकडून पातं मागून घेतलं, नलूपुढं गुडघे टेकले आणि तिच्या अंगावरच तो तुकडा उसवायला लागले. माझे टाके बारीक. लवकर निघेनात. नलू दोन्ही हात वर करून उभी. तुकडा निघाल्यावरही तशीच उभी, हात खाली घे म्हणून कुणी सांगितलंच नाही.
तुकडा पाटलीणबाईंच्या हातावर ठेवला. वर हात जोडले.

१४ एप्रिल
"गिऱ्हाइकाशी भांडून पोट भरतं का?" हे म्हणतात.
"म्हणजे चोरी कबूल केलीत."
"कबूल कुठं केली?"
"हात जोडले ते काय होतं?"
ह्यांनी मशिन सुरू केलं.
त्या बाईपेक्षा ह्यांचाच राग जास्त येतोय. तिला काय, ती परकी.
यापुढे तिला पा.बा. लिहीन. आख्खं लिहायला शाई कशाला घालवू.

१९ एप्रिल
ठरलं. आजपासून ज्याची कातरण त्याच्या घरी. प्रत्येक कपड्याबरोबर त्याच्या चिंध्यांची पुरचुंडी, दोऱ्याने बांधून. दोरेसुद्धा वेचते.
पहिली पुरचुंडी साळूबाईला. ती समोरच राहते, मांडवात तीही हसली होती.
"ह्ये काय गं?"
"तुमचं कापड. नंतर मागायला नको."
तिचं तोंड उतरलं. "मी काय म्हनले का तुला?"
म्हणाली नव्हती. हसली होती. तेही सांगितलं.


२४ एप्रिल
पा.बां.ची दोन पोलकी तयार होती. हे म्हणाले, मी नेऊन देतो. मीच गेले. भर ओसरीत, चार बायका बसलेल्या, त्यांच्यापुढं पुरचुंडी सोडली. "मोजून घ्या."
"ह्या चिंध्या घिऊन काय करू मी?"
"काय करायचं ते करा. तुमच्या हायती. मांडवात तुमीच म्हनलात." (रागात माझीही भाषा त्यांच्यासारखीच होते.)
पा.बा. लाल झाल्या. उकिरड्यावर फेकायला सांगितलं, धाकट्या सुनेला. ती पोटुशी आहे, कमल नाव. तिने मुकाट्याने गोळा केल्या.
येताना पाय हलके. घरी आल्यावर मात्र करमेना. दुपारी हाताला काही नाही. कातरणीची पेटी रिकामी. सुई धरायची बोटांची सवय जात नाही.

२८ एप्रिल
आज मी वाईट वागले. लिहून ठेवते.
फ्रॉकाचं भोक मी बुजवलं नव्हतं. मुद्दाम. गावाने बघावं म्हणून नलूला आज तोच घालून शाळेत पाठवलं. नको म्हणत होती, ओरडले.
सकाळची शाळा सुटल्यावर आली ती पाटी छातीशी धरून. घरात आली तरी पाटी सोडेना. वर्गात बाईंनी अक्षर दाखव म्हटलं तरी दिली नाही म्हणे.
म्हणाली, "तुला राग आलाय तर तू घाल ना तो."
सहा वर्षांची पोर.
जेवण गेलं नाही. त्या दिवशी ह्यांनी तिला उभं केलं, आज मी. फरक काय.

३ मे
माझ्या लग्नातल्या लाल रेशमी पोलक्याची बाही कापली. भोक बुजवलं. छान बसलंय, आधीपेक्षाही. नलूने बघितलं, "छान आहे" म्हणाली आणि फ्रॉक घडी करून ट्रंकेत तळाशी घातला.
तिच्यावर जबरदस्ती करणार नाही.
हे जवळ येऊन उभे राहिले. "मी तेव्हा बोलायला पायजे होतं." एवढंच. मी मान वर केली नाही. वीस दिवस उशीर. पण बोलले.

७ मे, शुक्रवार
दुपारी मागच्या दाराने कमल आली, पा.बां.ची सून. सातवा लागलाय. पदराखाली गाठोडं. उकिरड्यावर टाकायच्या त्या चिंध्या तिने लपवून ठेवल्या होत्या. शिवाय तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा.
"बाळाला कुंची शिवून द्या. नलूच्या फ्रॉकावानी. मला तवाच लई आवडला हुता."
"तवा बोलली नाहीस ते."
"सासूम्होरं कशी बोलू? त्यास्नी कळू दिऊ नका, वैनी."
बस्स. तिथं डोकं फिरलं. म्हटलं, चोरून शिवणार नाही. चोरीचं नाव एकदा लागलंय, पुन्हा नको. तुझ्या सासूने दारात येऊन सांगावं, शिवा म्हणून. मग शिवीन.
कमल रडायला लागली. "त्या येनार न्हाईत. तुमाला बी ठावं हाय." गाठोडं तिथंच ठेवून गेली.
हे म्हणतात, शिवून टाक, पोरीचा काय दोष. मी म्हटलं, माझ्या पोरीचा काय होता? ह्यांनी मान खाली घातली.
गाठोडं सोडलं. तुकडे जमिनीवर मांडले, रंगाला रंग लावून बघितले. लुगड्याचा काठ कपाळावर शोभेल. सुईत दोरा अजून ओवलेला नाही.
सोमवारी कमल बाळंतपणाला माहेरी जाणार.