रोसेंदाच्या ओसरीवर

कोबान, ग्वातेमाला

प्रिय लोरीनताई,

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी वाच. आईचा खोकला कसा आहे? टपालाला वेळ लागेल म्हणून हे ईमेलने पाठवतेय.

तुझ्या शेजारच्या ऑलरेडबाईंचा मुलगा इथे आमच्याच देखरेखीखाली धर्मप्रसार करतो. काल तो आणि त्याचा जोडीदार रोसेंदाकडे गेले. ती आपल्या पंथात येऊ बघते, म्हणून नवरा मारतो. तिनं दार उघडलं तेव्हा ओठातून रक्त येत होतं.

"आत या, पोरांनो, कडी लावते. तो कोयता आणायला गेलाय, तुमच्यासाठी."

"घरात कुणी पुरुषमाणूस आहे का, रोसेंदाताई?"

"पुरुषमाणूसच तर येतोय, खुळ्यांनो."

एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा आपला नियम मीच मुलांकडून घोकून घेते. ते ओसरीवरच थांबले. नवरा आला, आणि पहिल्याच घावात ऑलरेडची दोन बोटं तुटून पडली. रोसेंदानं पोराला मानगुटीला धरून आत ओढलं आणि चुलीवरचा उकळता मका नवऱ्याच्या तोंडावर ओतला.

दवाखान्यात शुद्धीवर येताच पोरानं मला विचारलं, "आम्ही नियम नाही ना मोडला?"

"नाही," मी म्हणाले. शाबासकी दिल्यासारखा आवाज निघाला माझा. तो अजून कानात आहे.

आज संध्याकाळी ऑलरेड त्याच्या आईला फोन करेल. तू आधीच तिच्याजवळ जाऊन बस.

उद्या नवी मुलं येतायत. नियम बदलणारे आपण कोण, असं हे म्हणतात. तरी मी सांगणार आहे, असं कुणी दार उघडून बोलावलं, तर घरात कोण आहे ते विचारत उभे राहू नका.

आपल्या आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझीच,
मार्नी