दादा थांबला होता ती जागा

ती. वहिनीस नमस्कार,

मी बरा आहे. नव्या ट्रकची केबिन गार राहते, जेवणही वेळेवर होतं. छोटीचा खोकला गेला का?

या रस्त्यावर मैलोनमैल माणूस दिसत नाही, म्हणून बंद गाडी दिसली की प्रत्येक जण थांबतो. दादा उन्हात हात करत होता तेव्हा तिथून एकच गाडी गेली, त्या टँकरवाल्याची, आणि तो थांबला नाही. "उशीर होत होता," असं चौकशीत म्हणाला होता. काल त्याचाच टँकर बंद पडलेला दिसला.

मी त्याला वर घेतलं.

"देवासारखे भेटलात हो!" म्हणाला आणि वाटभर बडबडला. दादा सापडला त्या दगडापाशी मी ब्रेक मारला.

"उतर."

"इथे? चेष्टा करता काय राव!"

"माझा भाऊ इथेच उभा होता. तुला हात करत."

तो उतरला. पाण्याचा कॅन दिला मी त्याला. दादाकडे तोही नव्हता.

झोप छान लागली. आईला यातलं काही सांगू नका.

उद्या त्याच रस्त्याने परत यायचंय. तो अजून तिथेच असला तर थांबू का, हे तुम्हालाच विचारणार होतो. पण पत्र पोचेपर्यंत मी ती जागा ओलांडलेली असेन.

तुमचा धाकटा दीर