मेडिकलला पास

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलेय, तेही भांडायला. मलाही साखर निघाली, त्याला सात वर्षं झाली. तुमच्यासारखीच मीही ती अंगावर काढली. आता सकाळी पायांची बोटं बधिर असतात. फरशीवर पाय ठेवला की मोजा घातल्यासारखं वाटतं, आणि मोजा नसतो. पायांचं एक वेळ सोसेन, पण मला भीती हातांची आहे. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरी जोडते. कनेक्टर नीट बसला की बोटाला बारीक टक् कळतं, डोळ्यांना ते दिसत नाही. ते कळायचं थांबलं तर लाईनवर माझं काय काम? कंत्राटावरच्या बाईला कोण बसवून पगार देणार आहे.

तुमचा तो दिवस मला अजून दिसतो. मी दहावीत आहे, भोसरीच्या खोलीत आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आलाय. प्रेसशॉपमधले ते जड सेफ्टी शूज काढायला तुम्ही पाय पुढे करायचात आणि मी ओढायचे. डावा बूट निघाला तर मोजा लालभडक. तळव्यात नखाएवढा पत्र्याचा तुकडा रुतलेला. आठ तास त्याच्यावर उभे होतात तुम्ही. आईचा हात थापता थापता थांबला. तुम्ही मात्र तो तुकडा उपसून चिमटीत धरलात, उजेडात बघितलात आणि हसलात. "मला काय बी कळलं न्हाई गं," म्हणालात. जखमेत हळद भरली, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर. कंपनीत कुणीतरी म्हणालं, "राव, तुमची कातडी गेंड्याची हाय," तर तेही घरी येऊन कौतुकाने सांगितलंत. आणि खरं सांगू, मलाही अभिमान वाटला होता. माझे वडील पत्र्यावर आठ तास उभे राहतात, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं. कसले मूर्ख होतो आपण, घरातले सगळेच्या सगळे.

आई म्हणायची, एकदा नीट दाखवा कुठेतरी. पालथ्या घड्यावर पाणी. "मेडिकलला पास हाय मी," हे तुमचं ठरलेलं उत्तर. पास कसे व्हायचात ते मला काय ठाऊक नव्हतं? कंपनीत वर्षाच्या मेडिकल तपासणीची तारीख लागली की चार दिवस आधीपासून चहा बिनसाखरेचा, सकाळी उपाशीपोटी मेथीचं पाणी, एका गोळीच्या जागी दोन. मेथी मीच भिजत घालायचे. त्या दिवशी रक्त छान यायचं, आणि संध्याकाळी पास झाल्याची जिलबी यायची. तुम्ही खायचात, आम्हीही खायचो.

पुढे तुमचा अंगठा काळा पडला आणि कापावा लागला, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून समजावलं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. पाण्याची मोठी लाईन वाहत असते, पण टोकाच्या घराला जाणारी नळी आतून जाड होत जाते आणि तिथे पाणी पोचत नाही, तसं. नसांनाही असल्याच बारीक वाहिन्या रक्त पुरवतात. नसा उपाशी पडल्या की आधी मुंग्या, झिणझिण्या, आग, आणि मग काहीच नाही. सगळ्यांत लांबच्या नसा पायांच्या, म्हणून पाय आधी. डोळ्यांच्या पडद्याचं आणि किडनीचंही तेच. "दुखलं असतं तर हे लवकर आले असते," ते म्हणाले. मग गुडघ्याखालून पाय गेला, डोळ्यांपुढे जाळं आलं. तरी खाटेवर बसून तुम्ही विचारायचात, "औंदा मेडिकल कधी हाय?" मी पाण्याचा तांब्या हातात द्यायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

काल आमचं मेडिकल झालं. आता रक्तातून मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर निघते, मेथीबिथी काही चालत नाही. फार तर गोळ्या वाढवतील, असं मी धरून चालले होते. पण यंदा पायांचीही तपासणी होती. माझ्या लेकीच्या वयाची डॉक्टर. "ताई, डोळे मिटा, पायाला दोरा टेकला की हो म्हणा," म्हणाली. नायलॉनचा दोरा, मांजराच्या मिशीसारखा ताठ. मी डोळे मिटले. काहीच कळेना. तिचं स्टूल जरा करकरलं की मी हो म्हणायचे. थोडं थांबून पुन्हा हो. बरं जमतंय असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "ताई, आत्ता मी दोरा लावलाच नव्हता."

डोळे उघडले तर तिचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि मी हसले, अण्णा. दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून हसले. तुम्हीही त्या दुपारी घाबरला होतात ना? इतकी वर्षं मी ते मस्तीतलं हसू समजत आले. "मॅडम, नॉर्मल लिहा ना," मी म्हणाले. तिने नाही लिहिलं. सोमवारी घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन मोठ्या दवाखान्यात या, म्हणाली, आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

आता कुठल्या तोंडाने भांडू तुमच्याशी? हा कागद टाकायला पेटी नाही, गॅसवर धरून जाळून टाकेन. लेक मघापासून दोनदा विचारून गेली, आई, रिपोर्ट काय आला. सगळं चांगलं आलं, म्हणाले. तुम्हाला खरं सांगितलं, कारण तुम्ही तिला सांगणार नाही.