हळदीखालचा फोड

बुधवार, संध्याकाळ

जांघेत एकच फोड आहे. गेल्या आठवड्यात वसमतला माझ्या मैत्रिणीकडे, सुनीताकडे राहिलो, निरोध वापरला, म्हणून निर्धास्त होतो. आज डॉक्टरकडे गेलो तो फोडावर हळद थापूनच. हळद पिकवणाऱ्या हिंगोलीचा माणूस दुसरं काय लावणार?

"सर, धुऊन या. पिवळ्याशिवाय काही दिसून नाही राहिलं," डॉक्टर म्हणाला. धुऊन आलो, निरोध वापरल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "निरोध जेवढं झाकतो तेवढंच वाचवतो. हर्पिस असेल, नसेलही."

वीस वर्षं लेखांतून लोकांची ढोंगं उघडी पाडली आणि स्वतःचा फोड हळदीखाली लपवला. सुनीताला सांगू? शनिवारी ती येणार आहे. शेवटी फोन लावला, सगळं सांगितलं.

"हळद काहून लावली?" एवढंच म्हणाली. बाकीचं कधी विचारेल?