जहाजाआधी घारापुरी

३ फेब्रुवारी

डोकं फिरलं आहे. शुक्रवारी दुपारी जहाजावर हजर व्हायचं आणि त्याच सकाळी घारापुरीची लेणी पाहायचा बेत ऋतुजानं आखला. म्हणते, "आजोबा, गाडी पहाटेच मुंबईले पोहोचते. दिवसभर बंदरावर बसून काय करता?"

बसू! बसायला काय जातं? जहाज म्हणजे सीताबर्डीची बस नाही, एक गेली की दुसरी यायला.

रुख्माही नातीचीच बाजू घेते. हिला लेण्यांची आवड कधीपासून?

४ फेब्रुवारी

प्रज्वलचा पुन्हा फोन. "आजोबा, या न एकदा. मी कुठं काम करतो ते तं पाहून जा." जहाजाच्या सफरीची आमची तिघांची तिकिटं त्यानंच काढली. दीड वर्ष झालं, नातवाचं तोंड पाहिलं नाही. आईबाप गेल्यावर त्याला आणि ऋतुजाला आम्ही वाढवलं, आणि हा जाऊन जहाजाच्या स्वयंपाकघरात कांदे कापतो!

मी काम पाहायला चाललो नाही, त्याला परत आणायला चाललो आहे. इथं नागपुरातच, मिहानच्या कंपन्यांत एका कँटीनवाल्याकडे शब्द टाकून ठेवला आहे. फोनवर हा नाही म्हणतो. तोंडावर म्हणून दाखव म्हणावं. कबूल होईपर्यंत जहाजावर अन्नाला शिवणार नाही मी. माझ्या उपाशी राहण्यापुढे या घरात कोणी टिकलं नाही. त्याचा बाप पुण्याला निघाला होता — दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं बॅग उघडून कपडे परत खुंटीला लावले. ऋतुजाचं बाहेरगावचं कॉलेजही तसंच राहिलं.

रुख्माला परवाच सांगितलं होतं. भाकरी थापत होती. हात थांबले. "त्याच्या साहेबासमोर?" एवढंच म्हणाली.

हो, साहेबासमोर!

५ फेब्रुवारी

झोप नाही. औषधं, आधार कार्ड, तिकिटं पुन्हा पुन्हा पाहिली. रुख्मा गुडघा चोळत बसली आहे. काल गुडघा बरा होता.

७ फेब्रुवारी, मुंबई

जहाज गेलं.

लाँचमध्येच तास गेला. मग पायऱ्या. रुख्मा थोडं चढली की बसायची. "थांबा न जरा, गुडघा ठणकून राहिला." मी, "चाल वं, जहाज निघून जाईन." तर म्हणते, "तुम्ही काहून एवढे तापून राहिले? देवापाशी तरी तोंड नीट ठेवा." वर मूर्तीसमोर उभी राहिली ती हलेचना.

खाली धक्क्यावर आलो. लाँच उभी. तर हिनं पिशवीतून नारळ, तांदूळ, खण काढला. समुद्राची ओटी भरायची आहे म्हणे. जहाजात पाय ठेवण्याआधी भरावी लागते, आपल्यात रीत आहे म्हणे. आपल्यात समुद्रच नाही, रीत कुठून आली? तोंडावर विचारलं. ऋतुजा हसली. ओटी होईपर्यंत लाँच सुटली. पुढची माणसांनी भरल्याशिवाय हलेना.

बंदराच्या फाटकावरचा माणूस मान हलवत होता. "चाचा, बोर्डिंग बंद हो गया." जहाज समोर दिसत होतं! हात लावता येईल इतकं जवळ. प्रज्वलला फोन लावला. म्हणाला, "जाऊ द्या आजोबा, पुढच्या टायमाले पाहू." रुख्मानं फोन घेतला. "वेळेवर जेवत जाय बाप्पा. घराची चिंता नको करू."

मी कट्ट्यावर बसलो. ती कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिली — जहाज हललं, लहान झालं, दिसेनासं झालं तरी. बस म्हटलं, बसली नाही. राहा उभी! तुझ्या गुडघ्यानंच घात केला.

८ फेब्रुवारी

गाडीत. खिडकीकडे तोंड करून बसलो.

९ फेब्रुवारी, नागपूर

ऋतुजाला झाडलं. म्हटलं, घारापुरीचं खूळ तुझं, भोगलं आम्ही. ती चिडली. "माह्यावर काहून? आजीच मांगं लागली होती, घारापुरी पाहाचीच म्हणून."

रुख्मा आत होती. ऐकलं असणार. बाहेर आली नाही. दीड वर्षानं नातू भेटणार होता आणि हिला दगडाचे देव पाहायचे होते! कसली बाई आहे ही?

१० फेब्रुवारी

सकाळी रुख्मा मूगवड्यांची भरली परात कमरेवर घेऊन गच्चीवर गेली. दोन जिने, त्याच गुडघ्यानं. कठड्याला हात लावला नाही, कुठं थांबली नाही. मी खाली उभा. वर पोहोचल्यावर तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. नजर काढली नाही. "त्याच्या साहेबासमोर?" म्हणाली होती तेव्हाही अशीच पाहत होती.

दुपारी माझं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

जेवलो.